डाव्या अंगाची ऊब

१

दिवेलागणीच्या आधी मालकांचं अंथरूण तापवायचं, हे त्या थंडीत माझ्या रोजच्या कामातलं एक काम होऊन बसलं होतं. म्हशीची धार काढायची, चुलीवर पाणी ठेवायचं, हात पदराला पुसायचे, पुन्हा एकदा पुसायचे, कारण ओल्या हातानं करंटशी सोयरीक करायची नसते, आणि मग विजेच्या ब्लँकेटची पिन भिंतीतल्या बोर्डात खोचायची. बटणाजवळचा तांबडा दिवा लागला की मी पलंगाच्या कडेला बसून राहायचे. दार वाजलं तरी उठायचं नाही, म्हैस ओरडली तरी उठायचं नाही. अंथरूण तापलं की पिन उपसायची, वायर गुंडाळून खिडकीच्या गजाला अडकवायची, आणि मगच मालकांना आत घ्यायचं.

वायर गजाला का? तर ती डोळ्यांपुढं राहावी म्हणून. वायर गजावर दिसली, म्हणजे ब्लँकेटात करंट नाही. इतकं साधं.

मालक म्हणजे माझा नवरा, सयाजी. जन्मभर त्यांनी मालाचा ट्रक गगनबावड्याच्या घाटातनं कोकणात उतरवला आणि परत वर चढवला. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावं अंग बधिर झालं. क्लच दाबणारा पाय तो, त्याला विंचू डसला तरी कळायचं नाही. डॉक्टरनी मला समोर बसवून सांगितलं, “आजी, ब्लँकेट चालू असताना ह्यांना त्यावर निजवायचं नाही. कातडी भाजली तरी ह्यांना समजणार नाही.” तेव्हापासून मालकांच्या कातडीचं काम माझा हात करायचा. पंजा उलटा करून अंथरुणावर ठेवायचा. मला सोसलं, तर त्यांना सोसेल.

हे सगळं मी आज सुखानं सांगते आहे, ते आधीच कळू दे. हरलेली बाई असली गोष्ट सांगत बसत नाही.

२

गगनबावड्याची थंडी कोल्हापूरवाल्यांना सांगून कळत नाही. पाऊस संपला तरी भिंतीतली ओल जात नाही, आणि पौषात घाटातनं धुकं वर चढतं ते दाराच्या फटीतनं आत येऊन बसतं. अर्ध्या अंगाच्या माणसाला तर थंडी वेगळीच वाजते. मालक म्हणायचे, “उजवं अंग कुडकुडतंय, आनि डावं नुसतं बघत बसतंय.”

पूर्वी ही तक्रार उलटी असायची. पलंगाची भिंतीकडची बाजू माझी, म्हणजे मालकांची डावी. माझे पाय जन्माचे गार. अंथरुणात शिरल्या शिरल्या मी ते त्यांच्या पायाला लावायचे, आणि हा घाट उतरवणारा गडी पोरासारखा ओरडायचा, “झुंबरे, पाय काढ! पाय न्हाईत, वड्यातलं धोंडं हाईत!” वारं गेल्यावर मी खाली चटईवर निजायला लागले. भिंतीकडनं उठायचं म्हणजे त्यांना ओलांडून यायचं, आणि त्यांना उठवा-बसवायला मी सारखी हाताशी लागायची. माझी बाजू तशीच रिकामी राहिली.

ब्लँकेट घ्यायला आमचा अमरसिंह मला कोल्हापूरला घेऊन गेला. एका मैदानात मंडप घालून थंडीच्या कपड्यांचा सेल लागला होता. बॉक्समधली ब्लँकेटं होती, आणि एक मोकळं, बॉक्सबिगर, टेबलावर पसरलेलं.

“मावशी, बॉक्समधली समदी एका मानसाची हाईत. तुमचा पलंग डबल म्हनतासा, मग हे घ्या,” विकणारा म्हणाला.

“एकाचंच दे की. निजनार एकलाच हाय,” मी म्हटलं.

अमरसिंह हसला. “आई, डबल पलंगावर सिंगल घातलं तर अण्णा कडंला आनि ब्लँकेट मधी. असू दे मोठं.”

मला अक्षर येत नाही, पण खुणा येतात. इस्त्रीच्या पट्टीवर सरकारी शिक्का असतो, तो मला लांबनं ओळखू येतो. मी ते ब्लँकेट चारी बाजूंनी उलटून बघितलं. शिक्का नव्हता. मधोमध घडीची पांढरी रेघ पडली होती. असल्या ब्लँकेटाची घडी घालायची नाही, आतली तार मोडते, गुंडाळी करून ठेवायचं, हे तोच माणूस बाकीच्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होता.

“पावणं, हे कुनी वापरलंय व्हय?”

“न्हाय वो मावशी! दाखवायचा पीस हाय. ज्यो येतोय त्यो हात लावतोय.”

मी ते नाकाला लावलं. नव्या कापडाचा वास नव्हता. घामाचा नाही, तेलाचाही नाही. सकाळी माणूस उठून गेल्यावर अंथरुणाला मागं जो वास राहतो, तो होता. मी तोंड उघडेपर्यंत अमरसिंहानं ते पिशवीत कोंबलं होतं. गावात आल्यावर त्यानं वायरमनकडून तपासून घेतलं. वायरमन म्हणाला, तार शाबूत आहे, कुठं शॉट नाही, बिनघोर वापरा.

त्याचं खोटं नव्हतं. तारेत काहीच खोट नव्हती.

३

पण ब्लँकेट जागेवर राहीना. मालकांना सरळ करताना ते गोळा व्हायचं, आणि गोळा झालं की तिथं जास्त तापायचं. आमची सून वर्षाराणी म्हणाली, “आत्ती, चारी कोपऱ्याला पिना मारूया.”

“आतल्या तारंत घुसली म्हंजे? मालकांचं भरीत करतीस काय?”

ती हसली आणि विचार करत उभी राहिली. कोपऱ्यात माझी नवी वाकळ पडली होती. जुनी लुगडी थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवायची, ती वाकळ. मालकांसाठीच चालली होती. तीन बाजू शिवून झाल्या होत्या, एक राहिली होती.

“खोळीवानी हुतीया की ही! ब्लँकेट हिच्यात सारूया. सरकायचं न्हाय, गोळा हुयाचं न्हाय. उघड्या बाजूनं वायर भाईर काढायची.”

डोकं चांगलं चालतं पोरीचं. पण माझ्या मनात खट् झालं. आमच्याकडं एक बाजू उघडी असलेली वाकळ अंथरत नाहीत. शिवता शिवता उठावं लागलं तर ती दुमडून वर सुई खोचून ठेवतात. माझी आई म्हणायची, “उघड्या वाकळंत कोन निजंल सांगता येत न्हाय.” का, कसं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईनं म्हटलं की झालं, असा काळ होता.

मी सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, “मांजर निजंल असं म्हनत असतील त्या, आत्ती.”

अमरसिंह दारातनं म्हणाला, “आमच्यात कवा शिवून हुयाची वाकळ? तवर उन्हाळा इल.”

सगळे हसले. मालकसुद्धा तिरक्या तोंडानं हसले. लई दिवसांनी हसले, म्हणून मी गप्प बसले. ब्लँकेट वाकळेत गेलं. उघडी बाजू भिंतीकडं आली, माझ्या बाजूला.

४

पहिले काही दिवस घरात सणासारखं होतं. मालकांना गाढ झोप लागायची. दिवाळीत त्यांच्या डाव्या हाताची करंगळी जराशी हलली होती, तेवढ्यावर आम्ही घरात पेढे वाटले होते. आता थंडी आटोक्यात आली की हात पण येईल, असं मी धरून चालले होते.

मग एका पहाटे मी त्यांना उठवायला गेले आणि बघते तर ते पलंगाच्या अगदी कडेला. उजव्या कडेला, पडतील असे. हा माणूस आपल्या आपण कूस बदलू शकत नव्हता. मी त्यांना मधे घेतलं आणि अंगाखाली हात सारला. त्यांच्याखालचं अंथरूण गार पडलेलं. ते ठीक, पिन काढून रात्र झाली होती. हात तसाच पुढं, भिंतीकडं गेला.

तिथं ऊब होती.

मी खिडकीकडं बघितलं. वायर गजावर. पिन तिच्या टोकाला, लोंबत.

मी मनाशी म्हटलं, झुंबर, कापूस ऊब धरतो. मग म्हटलं, धरतो तर मधे का नाही धरली? मालकांच्या अंगाची असेल. पण मालक तर कडेला होते. भिंतीपलीकडं चूल आहे. चूल अजून पेटवायची होती. असं एकेक कारण मी हातात घ्यायची आणि ते हातातच गार व्हायचं.

मी पंजा उलटा करून ती ऊब चाचपली. ती सगळ्या बाजूला सारखी नव्हती. उशीपाशी एवढीशी होती, खाली रुंद झाली होती, मधे जास्त होती, आणि पायाकडं निमुळती होत गेली होती. मी हात काढून घेतला आणि तो उगीचच पदराला पुसला.

“अवो, कडंला कशाला गेला?” मी विचारलं.

मालक डोळे न उघडता म्हणाले, “जागा नगो व्हय?”

“कुनाला?”

झोपेत होते, असं मी स्वतःला सांगितलं.

५

त्यानंतर ते रोज पहाटे कडेला असायचे, आणि भिंतीकडं ऊब रोज असायची. तेवढंच असतं तर मी ते सोसलंही असतं. पण करंगळी हलायची थांबली. मालक व्यायामाला नाही म्हणायला लागले. दोरी धरून उठायचं, पाय ओढायचा, सगळं सोडलं. “पडू दे की गं. बरं वाटतंय,” म्हणायचे. आणि ज्या माणसाला घाटातल्या वळणावळणाच्या शिव्या पाठ, तो आता गोड बोलायचा. मला त्या गोड बोलण्याची भीती वाटायला लागली.

आणि मग एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातनं चहाचा कप गळला.

गरम चहा मांडीवर सांडला. मांडीला कळलं, ते ओरडले. पण हाताकडं बघत राहिले. मी त्यांची बोटं धरली. बर्फ. उजव्या हाताची बोटं! मी चिमटा काढला.

“लागतंय?”

“काय?”

डॉक्टरनी रक्तदाब बघितला, ठीक म्हणाले, सोमवारी कोल्हापूरला आणा म्हणाले. पण मला समजायचं ते समजलं. जे डावीकडं झालं होतं ते आता पलीकडं चाललं होतं. उजवं अंग गेलं म्हणजे मालकांचं काय राहिलं? भिंतीकडं बघत पडलेले दोन डोळे.

त्याच संध्याकाळी मी वाकळ ब्लँकेटासकट ओढून काढली आणि बाहेर दोरीवर टाकली. सकाळी धुकं एवढं होतं की गोठा दिसत नव्हता. दोरीवरच्या सुनेच्या साडीतनं पाणी ठिबकत होतं. तारेवर, गवतावर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथं बघाल तिथं दव. वाकळ कोरडी होती. मी गाल लावून बघितला, कोरडीच. आणि तिच्या मधोमध, दोरीवर दुमडलेल्या जागी, एक फुगवटा होता. एखादं पोर दोरीवर पालथं टाकल्यावर दिसेल, तसा.

घरात मालक रडत होते. मोठ्या आवाजात, गडी माणूस रडत नाही तसं. “आन की गं तिला आत! गारठंल!”

“कुनाला?” अमरसिंहानं विचारलं.

“वाकळंला,” मी पटकन म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. पोरानं भिऊ नये म्हणून असेल.

अमरसिंहानं वाकळ आणून परत अंथरली. “आई, तू नगं काय तरी डोक्यात घेऊ. थंडीनं बोटं आखडल्यात अण्णांची, आनि तू ऊब काढून घेतीस!”

त्याला काय सांगायचं? गजावरच्या वायरीकडं बोट दाखवून सांगितलं असतं, तर तो वायरमनला घेऊन आला असता.

६

सोमवारच्या आदल्या दिवशी अमरसिंह आणि वर्षाराणी कुरुंदवाडला लग्नाला गेले. सकाळपासून लाईट नव्हती. तारांचं काम चाललं होतं, सबंध गावाची बंद. माझ्या जिवाला तेवढाच आधार होता. आज तर कुठूनच करंट नाही.

दुपारी मी मागच्या टाकीवर धुणं धूत होते. ऊन पडलं होतं पण पाणी हाडं फोडणारं. पाय पाण्यात राहून दगड झाले होते. पिळे बादलीत टाकून मी मालकांना पेज द्यायला म्हणून घरात आले.

खोलीत उजेड होता. भुतंखेतं रात्रीची असतात म्हणतात, पण त्या खोलीत खिडकीतनं ऊन आलेलं होतं आणि उन्हात धूळ दिसत होती. वायर गजावर होती. मालक पांघरूण हनुवटीपर्यंत घेऊन पडले होते, डोळे मिटून, समाधानानं.

आणि पांघरुणाखाली गुडघा वर होता.

डावा गुडघा. भिंतीकडचा. पांघरुणाचा तंबू झाला होता. हा पाय पावसाळ्यापासून हलला नव्हता! आई अंबाबाई, मी म्हटलं, पावलीस मला! आज खण-नारळ, आज पुरणपोळी! मी हाक मारणार, तेवढ्यात माझी नजर पलंगाच्या पायथ्याला गेली.

पांघरूण तोकडं पडलं होतं. उजव्या कडेला, एकाला एक लागून, मालकांची दोन पावलं बाहेर दिसत होती. दोन्ही सरळ. दोन्ही आडवी. डाव्या अंगठ्याचं काळं नख, ट्रकचा जॅक पडलेलं, ते पण दिसत होतं.

मी परत गुडघ्याकडं बघितलं.

गुडघा हळूच खाली गेला. झोपेत माणूस पाय सोडतं तसा. आणि त्याच्या शेजारी दुसरा वर आला.

७

खरं सांगते, माझे पाय दाराकडं वळले होते. पण मालकांचा उजवा हात पांघरुणावर होता, आणि तो पिवळा पडला होता. मनगटापर्यंत. पांघरूण त्यांच्या छातीवर श्वासासरशी हलत होतं, आणि भिंतीकडं पण हलत होतं. मालकांचं जरासं, तिकडचं जास्त. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ती ऊब ब्लँकेटची नव्हतीच. ती माझ्या माणसाची होती. त्यांच्यातनं काढून शेजारी साठवलेली.

मग मला भीती वाटली नाही. राग आला. गगनबावड्याच्या बाईला राग आला म्हणजे काय ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

“कोन हाईस गं तू?” मी म्हटलं. “का रं हाईस? जे असशील ते असशील, मी इचारत न्हाय. पर ही जागा रिकामी हाय असं तुला कुनी सांगितलं?”

पांघरूण हलायचं थांबलं.

“सप्तपदी झाल्यावर भटजीनं मला हाताला धरून ह्यांच्या डावीकडं बसीवलंय. समद्या गावादेखत. डावी बाजू बायकोची असती. मी चार दिस खाली निजले, म्हून हक्क सोडला न्हाय. ऊठ!”

काही उठलं नाही. मग मी पलंगावर चढले. मालकांना ओलांडून, ओल्या लुगड्यानिशी, भिंतीकडं गेले आणि पांघरूण उचलून माझ्या जागेवर आडवी झाले.

तिथं जागा नव्हती. दिसत काही नव्हतं, पण जागा नव्हती. भरलेल्या एस्टीत तिसऱ्या माणसानं बसावं तशी मी मधे घुसले. पाठीला ऊब लागली, नुसती ऊब नाही, वजन असलेली ऊब. तो वास आला, उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणाचा. माझ्या मानेवर गरम वाफ यायची, जायची. आणि काय सांगू, सुख वाटत होतं. हात-पाय हळूहळू माझे नाहीत असं वाटायला लागलं. डोळे जड झाले. पडू दे की गं. बरं वाटतंय. हे मी म्हणत होते की कोण म्हणत होतं?

सगळं अंग सैल पडलं, पण पाय नाही. टाकीच्या पाण्यातले माझे पाय अजून धोंड्यासारखे गार होते, आणि ठणकत होते. त्या ठणक्यानं मला जागं ठेवलं. मी ते दोन्ही पाय उचलले, मागं सारले, आणि जिथं सगळ्यात जास्त ऊब होती तिथं टेकवले. घट्ट.

माझ्या मागं काहीतरी आखडलं.

आवाज झाला नाही. शिसारी आलेलं माणूस अंग चोरतं, तेवढंच. मी पाय अजून दाबले. “घे,” मी म्हटलं, “ऊब पायजे व्हय? घे ही माझी ऊब! जन्मभर ह्या मानसानं सोसल्यात हे पाय. तू सोसून दाव!”

ते भिंतीकडं सरकलं. मी पाठोपाठ सरकले. वाकळेची उघडी बाजू माझ्या पाठीमागं फुगली, जसं तिच्यातनं कुणीतरी कुशीवर बाहेर पडतंय, आणि खिडकीच्या गजावरची वायर एकदम ताणली. ताणली, थरथरली, आणि ढिली पडून हलत राहिली. मग वाकळ बसली. पाठीला नुसती भिंत लागली. गार, ओल आलेली, आमची भिंत. इतकी गोड भिंत मी जन्मात बघितली नाही.

“झुंबर,” मालक म्हणाले. डोळे उघडे होते. “कोन गेलं?”

“कोन न्हाय गेलं. मी आलीया.”

मी वाकळेत हात घालून ब्लँकेट ओढलं. ते रिकाम्या पोत्यासारखं हलकं आलं. मग खुंटीवरची सुई घेतली, पलंगावरच बसले, मालकांच्या अंगावर पाय टाकून, आणि चौथी बाजू शिवायला घेतली. मध्येच थांबले नाही, पाणी प्यायले नाही. मालक बघत होते. मधेच म्हणाले, “हळू वड की भवाने, दोरा तुटंल.”

शिवी दिली! मी दातानं दोरा तोडला आणि गाठ मारली.

८

ब्लँकेटाचं काय केलं? भंगारात दिलं नाही, दुसऱ्याच्या अंथरुणात कशाला घालायचं? अमरसिंहाकडून वायर तोडून घेतली आणि ते माळावर उताणं पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. रोज सकाळी बघायला जायचे. सगळ्या माळावर दव असायचं, ब्लँकेट कोरडं. उद्या, परवा, तसंच. मी दगड हलवले नाहीत. आणि मग एका सकाळी गेले तर त्यावर दव पडलं होतं. गवतावर पडतं तसं, चमकत. मी त्यावर हात फिरवला आणि ओला हात तोंडावरनं फिरवला.

कोल्हापूरच्या डॉक्टरनी मालकांची बोटं बघितली, तोवर त्यांत रंग आला होता. म्हणाले, थंडीनं होतं असं. होत असेल. मी त्यांच्याशी भांडायला गेले नव्हते.

येताना मी स्वतः दुकानात गेले आणि नवीन ब्लँकेट घेतलं. बॉक्समधलं, शिक्क्याचं, बिलाचं. दुकानदार म्हणाला, “आजी, सिंगल का डबल?”

“डबल,” मी म्हटलं. “दोघं निजनार हाईत.”

ते मी रीतसर वापरते. आधी तापवायचं, पिन काढायची, मग निजायचं. ओलं करायचं नाही, घडी घालायची नाही, वर जाड काही रचून तापवायचं नाही, मांजराला नखं लावू द्यायची नाहीत. कोपऱ्यांना नाड्या आहेत, त्या गादीला बांधायच्या. आणि वर चारी बाजूंनी शिवलेली वाकळ फक्त पिन काढल्यावर. वर्षाराणी आता स्वतःच वाकळेचे कोपरे तपासते, मी न सांगता. मी विचारलं तर म्हणते, “मांजर निजंल की, आत्ती.” आणि माझ्याकडं बघत नाही.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दिवेलागण झाली होती, घरात तिळाचा वास होता. मी अंथरूण तापवलं, वायर गजाला अडकवली, मालकांना आत घेतलं, त्यांना ओलांडून भिंतीकडं गेले आणि माझ्या जागेवर पडले. पंजा उलटा करून चाचपलं. ऊब सगळीकडं सारखी होती. मग जुनी खोड आठवली. उगीच, काही मनात न धरता, मी माझे पाय त्यांच्या डाव्या पायाला लावले.

काही झालं नाही. मला वाटलंच होतं.

मग त्या पायाचं काळं नख माझ्या टाचेला लागलं. अंगठा हलला. क्लच दाबावा तसा, आधी जरासा, मग खच्चून. आणि आमचे मालक एवढ्यांदा ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली आणि अमरसिंह तीळगुळाचं ताट घेऊनच पळत आला.

“झुंबरे! काढ! पाय न्हाईत, वड्यातलं धोंडं हाईत!”

मी पाय काढले नाहीत.